निवळशंख

बंदरातलं पाणी किती खोलवर दिसतं ते मोजायला खात्याने त्याला एक यंत्र दिलं होतं. ते पहिल्याच वर्षी बिघडलं, दुरुस्तीला गेलं आणि गेलं ते गेलंच. दुसरं येईपर्यंत काय करायचं म्हणून त्याने घरातली एक पांढरी, निळ्या काठाची ताटली उचलली, तिला तीन भोकं पाडली, खाली शिशाचा गोळा बांधला, वर दोरी ओवली आणि दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या. ताटली पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होईपर्यंत किती गाठी खाली गेल्या ते वहीत लिहायचं. दुसरं यंत्र आजतागायत आलेलं नाही. ताटली मात्र बावीस वर्षं पाण्यात जात राहिली, आणि सगळा धक्का त्या माणसाला ताटलीवाला म्हणू लागला.

"काय ताटलीवाले, आज समुद्राने काय वाढलं?" क्रेनवरचे लोक वरून ओरडत.

"पाणी! ये खाली, तुलाही वाढतो."

हे रोजचंच. एखाद्या दिवशी कुणी विचारलं नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई.

ताटली हे त्याचं निम्मं काम. उरलेलं निम्मं बाटलीचं. या बंदरातून सिमेंट बाहेर जातं, येत काहीच नाही. म्हणून जहाजं इथे रिकामी येतात. रिकामं जहाज समुद्रावर नीट बसत नाही, जरा लाट आली की कलंडायला बघतं. मग ते निघतानाच तिकडच्या बंदरातलं पाणी पोटात भरून घेतं, आणि इथे माल चढायला लागला की तेच पाणी कडेच्या भोकांतून सोडून देतं. त्या पाण्याला धक्क्यावर पोटपाणी म्हणतात. नवख्या माणसाने "तुमचं पोटपाणी कशावर चालतं?" असं साधेपणाने विचारलं, की हमाल हसून हसून लोळत. "जहाजाच्या पोटपाण्यावर!" आणि ते खोटंही नव्हतं.

जहाज पाणी सोडू लागलं की ताटलीवाला आपली छोटी लाँच त्याच्या कुशीला नेऊन लावी, धारेखाली बाटली धरी, भरली की सूर्याकडे करून बघे, मग नाकाशी नेई. तेलाचा तवंग, कसला वास, रंग, गाळ. वहीत एक रकाना होता, 'पोटपाण्याची स्थिती'. त्याच्या आधीचा माणूस तिथे नुसतं 'ठीक' लिहायचा. पानंच्या पानं ठीक. ताटलीवाल्याला तो शब्द आळशी वाटे. त्याची आई तीन प्रकारचं पाणी सांगायची: गढूळ, निवळ आणि निवळशंख. तळाशी पडलेली सुई उचलून घ्यावी इतकं स्वच्छ, ते निवळशंख. त्याने वहीत आईचे शब्द लिहायला सुरुवात केली, आणि कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणी वही उघडलीच नाही.

कामात तो कडक होता. एकदा एका जहाजाच्या पाण्यावर तेल दिसलं, तर त्याने झडप बंद करायला लावली आणि तीन दिवस माल चढू दिला नाही. कप्तानाने कठड्यावर येऊन आपल्या भाषेत शिव्या घातल्या. याने खालून आपल्या भाषेत परत केल्या. एकालाही दुसऱ्याचा शब्द कळला नाही, आणि समजायचं ते दोघांनाही समजलं.

पहिल्या वर्षी ताटली चौथ्या गाठीला नाहीशी व्हायची. सातव्या वर्षी पाचव्या. मग सहा, सात, आठ. आता बाविसाव्या वर्षी अकरा गाठी सोडल्या तरी तळातून ती चंद्रासारखी वर बघत असे. हे कशामुळे झालं असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्याच्या मनात ते पक्कं होतं. लाँचमध्ये उभा राहिला की त्याची पाठ जरा ताठ होई. हे पाणी आपण राखलं.

त्या वर्षी बंदर-साहेबांनी त्याला वर बोलावलं. बावीस वर्षांत साहेबांच्या खोलीत जायची त्याची ही तिसरी खेप. चहा आला. तो बघूनच तो सावध झाला.

"तुमच्या वह्या वाचल्या हो," साहेब म्हणाले. "सगळ्या. फार सुंदर अक्षर आहे."

"जी."

"जहाजांना धक्क्यालाच पाणी सोडायची परवानगी आहे ना, ती संपतेय. दहा वर्षांसाठी वाढवायची. पण विद्यापीठातल्या एका बाईंनी हरकत घेतलीय. गुरुवारी समितीपुढे सुनावणी. तुमच्यासारखा साक्षीदार आम्हाला शोधून सापडायचा नाही." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "हे वाचा आणि सही करा. गुरुवारी फक्त 'हो, माझंच आहे' म्हणायचं."

कागदावर एकच वाक्य होतं. 'माझ्या बावीस वर्षांच्या नोंदींप्रमाणे जहाजांचे पोटपाणी निवळशंख होते व त्यामुळे बंदराचे पाणी वर्षागणिक निवळत गेले.'

त्याने दोनदा वाचलं. आईचा शब्द सरकारी कागदावर टाइप झालेला बघून त्याला आनंद झाला. आणि कुठेतरी काहीतरी टोचलं. काय ते कळेना.

"घरी नेऊ का? चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्याच्या नाकावरच होता. साहेबांनी सभ्यपणाने तिकडे बघितलं नाही.

जिन्यावरून उतरताना टोचणारी जागा सापडली. 'त्यामुळे'. हा शब्द त्याने कधी लिहिला नव्हता. बाटलीचा रकाना वेगळा, ताटलीचा वेगळा. दोघांच्या मध्ये एक उभी रेघ होती. साहेबांनी ती रेघ पुसून तिथे 'त्यामुळे' बसवला होता. पण मग तो शब्द चूक कशावरून? त्याच्याही मनात तसंच काहीसं होतंच की. फक्त त्याच्या मनातल्या 'त्यामुळे'मागे तो स्वतः होता, साहेबांच्या मागे जहाजं.

धक्क्याच्या उत्तरेला, जिथे नदी समुद्रात शिरते, तिथे गुडघाभर पाण्याची एक उथळी आहे. चार खांबांवर लाल फडकी, आणि आत कुणी जाळं टाकायचं नाही असा फलक. तिथे आजोबा राहतात. आजोबा म्हणजे शिंपले. कोपरापासून मनगटापर्यंत भरतील एवढे, काळपट, चिखलात निम्मे रुतून उभे, ओठ किंचित उघडे. पाठीवरची वलयं मोजली तर शंभराच्या वर भरतात. ताटलीवाल्याचा बाप त्याच नदीवर होडी चालवायचा. लहानपणी बापाने याचा हात पाण्यात धरून एका शिंपल्यावर टेकवला होता आणि म्हटलं होतं, "नमस्कार कर, हा तुझ्या आजोबांच्याही आधीचा आहे." तेव्हापासून ते नाव त्याच्या तोंडी बसलं, आणि त्याच्याकडून धक्क्याने उचललं.

हरकत घेणाऱ्या बाई त्याला तिथेच भेटल्या. वयाने त्याच्या पुतणीएवढ्या, मांडीपर्यंत रबरी बूट, आणि केसांना चिखल. शिंपलेवाली बाई म्हणून धक्का त्यांना ओळखायचा.

"काका, तुमच्या वह्यांची नक्कल मिळेल का मला?"

"तुम्हालाही वह्याच हव्यात? बावीस वर्षं त्यांना झुरळांशिवाय कुणी विचारलं नाही."

बाई हसल्या. त्याने अभिमानाने पाण्याकडे हात केला. "बघा की तुम्हीच. तळ दिसतोय. पूर्वी इथे स्वतःचं पाऊल दिसत नव्हतं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी वाकून एक आजोबा हळूच चिखलातून वर काढला. त्याच्या ओठांवर, पाठीवर, सगळीकडे नखाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले दाटीवाटीने चिकटले होते. त्यांना धक्क्यावर बटणं म्हणत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ती दोरांवर, लाँचच्या पोटाला दिसू लागली, तेव्हापासून तो ती दर महिन्याला खरवडत आणि शिव्या घालत आला होता.

"ही इथली नाहीत," बाई म्हणाल्या. "लांबच्या बंदरातली. पोटपाण्यातून आली."

"अशक्य. प्रत्येक बाटली मी बघितलीय. सूर्याकडे धरून."

"आली तेव्हा ती बटणाएवढी नव्हती, काका. धुळीच्या कणाहून बारीक. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसणार."

बाईंनी सांगितलं ते असं. बंदराचं पाणी गढूळ होतं त्यातलं बरंचसं गढूळपण म्हणजे बारीक हिरवं जिवंत खाणं. आजोबा तेच गाळून खातात. बटणंही तेच खातात, पण ती कोट्यवधी, आणि अधाशी. त्यांनी सगळं गाळून घेतलं. पाणी निवळलं. आजोबांच्या ओठांशी काही येईना. आता या उथळीवर तीनशे उरलेत, आणि जगात आणखी एकाच जागी काही आहेत.

"म्हणजे..." खिशातून साहेबांचा कागद काढून त्याने बाईंपुढे धरला. "हे वाक्य खोटं आहे ना? मग सोपं झालं. मी सही करत नाही."

बाईंनी ओल्या हातांनी, कडा धरून वाचलं.

"खोटं नाहीये," त्या म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर खरं आहे. पोटपाणी आलं, त्यामुळेच पाणी निवळलं."

ताटलीवाल्याने कागद परत घेतला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली. ज्या वाक्याने साहेब परवानगी मागत होते, त्याच वाक्याने बाई ती रोखणार होत्या. आणि खाली सही त्याची.

घरी बायको ताडपत्री शिवत बसली होती. जहाजांच्या झाकणांवरच्या फाटक्या ताडपत्र्या तिच्याकडे यायच्या, आणि अर्धी खोली व्यापून ती त्यांच्या मधोमध बसे. तिचा भाऊ दाराशी स्टुलावर होता. तो माल चढवणाऱ्या टोळीचा मुकादम.

"दाजी, सही केलीत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या धक्क्याला ठाऊक आहे. परवानगी गेली तर जहाजं बाहेर खोल समुद्रात पाणी सोडून मग आत येणार. एकेकाचे दोन-दोन दिवस वाया. मग आम्ही काय इथे माशा मारायच्या?"

"वाक्यात गोम आहे."

"काय गोम?"

"ते खरं आहे."

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. "ताई, यांना बरं आहे ना?"

"सकाळी होते बरे," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली.

ताटलीवाल्याने सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. बटणं, आजोबा, हिरवं खाणं, अकरा गाठी. सांगता सांगता त्याचं त्यालाच उलटसुलट होऊ लागलं. स्वच्छ पाणी वाईट, मग घाण पाणी चांगलं का? तर तसंही नाही. तेल सोडलं असतं तर आजोबा केव्हाच गेले असते. मग त्याने जहाज तीन दिवस अडवलं ते बरोबरच. पण तेल रोखलं आणि बाकी सगळं हात जोडून आत घेतलं, ते?

"तुम्ही शिंपल्यांचे जावई की आमचे?" मेहुणा उठला. "तीनशे शिंपले एका पारड्यात, आमची साठ माणसं दुसऱ्या."

"पारडं मी धरलेलं नाही रे."

"मग कुणी धरलंय? सही तुमची मागितलीय, माझी नाही." चपला घालून तो निघून गेला.

बायकोने ताडपत्री पुढे ओढली. "अजून काहीतरी आहे," ती न बघता म्हणाली. "एवढ्याने तुम्ही जेवण सोडत नाही."

होतं. दिवसभराच्या बाटल्या संध्याकाळी कुठेही ओता, असा खात्याचा नियम होता. तो त्या कुठेही ओतत नसे. लाँच बांधायच्या पायऱ्या उथळीला लागूनच होत्या. बाटल्यांतलं पाणी लांबच्या समुद्राचं, निवळशंख. बंदराच्या राडीपेक्षा कितीतरी चांगलं. पहिल्या वर्षापासून तो ते आजोबांवर ओतत आला होता. "घ्या आजोबा, परदेशचं पाणी," असं म्हणून. रोज सहा-सात बाटल्या. बावीस वर्षं.

बायकोची सुई थांबली.

"मी विचारलं बाईंना," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, शेजारी जहाजातून अख्खं तळं रिकामं होत होतं, तुमच्या बाटलीने काय होतंय."

"बरोबर आहे त्यांचं."

"असेल."

तिने त्याच्या पानावर झाकण ठेवलं आणि शेजारी येऊन बसली.

गुरुवारी समितीची तीन माणसं लांब टेबलामागे बसली होती. एका बाजूला साहेब आणि जहाज कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला शिंपलेवाली बाई, आज स्वच्छ बुटांत. मागच्या बाकांवर मेहुण्याची टोळी. त्यातल्या एकाने हळूच म्हटलं, "ताटलीवाले, आज काय वाढणार?" त्याने मान न वळवता खिशातला कागद चाचपला.

वकिलाने कागद पुढे केला. "हे वाक्य तुमच्या नोंदींशी जुळतं?"

"जुळतं."

"खरं आहे?"

"खरं आहे."

"मग सही राहिलेली दिसते."

"सही करणार नाही."

मधले अध्यक्ष चष्म्यावरून बघू लागले. "वाक्य खोटं आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही साहेब. खरंच आहे. त्या बाईही खरंच म्हणतात."

बाईंनी मान हलवली. अध्यक्षांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी वकिलाकडे, वकिलाने कागदाकडे. दोन्ही पक्षांना एकच वाक्य मान्य आणि ज्याचं वाक्य तो अडून बसलेला, अशी सुनावणी त्या खोलीत बहुधा आधी झाली नसावी.

"मग अडचण काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं. आवाजात चीड नव्हती, म्हणून ताटलीवाल्याला बोलता आलं.

"अडचण अशी की मी बाटलीत पाणी बघितलं. पाण्यात काय होतं ते मला दिसलं नाही, आणि दिसत नाही हेही मला माहीत नव्हतं. निवळशंख लिहिलं ते डोळ्यांपुरतं खरं. आता ते वाचून कुणी म्हणेल पाणी चांगलं होतं, कुणी म्हणेल वाईट होतं. मला विचाराल तर मला माहीत नाही. आणि..." तो घुटमळला. मागे टोळी बसली होती. "आणि मी स्वतः ते शिंपल्यांवर ओतायचो. रोज. चांगलं म्हणून."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मेहुण्याने त्याला कोपर मारलं. वकील म्हणाला की याचा विषयाशी संबंध नाही. अध्यक्ष म्हणाले, असेल किंवा नसेल, पण लिहून घ्या. मग त्यांनी ताटलीवाल्याला कोरा कागद दिला. "साहेबांचं वाक्य राहू द्या बाजूला. तुम्ही काय बघितलंत आणि काय बघू शकला नाहीत, ते तुमच्या शब्दांत लिहा. त्याच्याखाली सही कराल?"

"करेन."

शेजारच्या खोलीत बसून त्याने लिहायला घेतलं. बघितलं ते अर्ध्या पानात संपलं. बघू शकला नाही ते लिहिताना त्याला दुसरा कागद मागावा लागला.

निकाल महिन्याने आला आणि कुणाच्याच मनासारखा नव्हता. एक वर्ष जहाजांनी पोटपाणी बाहेर खोल समुद्रात बदलून मगच आत यायचं. वर्षभर उथळीवरचे शिंपले मोजायचे. मग पुन्हा सुनावणी. बाई म्हणाल्या, एका वर्षात काही कळत नाही, आणि आत आलेली बटणं तर आता जातच नाहीत. साहेबांनी पुन्हा चहाला बोलावलं नाही. टोळीला आठवड्यातले दोन दिवस काम मिळेना. मेहुणा घरी येई, पण बहिणीशीच बोले. "ताई, दाजींना सांग, मीठ सरकवा." दाजी मीठ सरकवत.

मोजणीला बाईंना माणूस हवा होता, तेव्हा खात्याने त्यालाच पाठवलं. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून तो पहिल्या दिवशी उथळीत उतरला. काम सोपं वाटत होतं. एकेक शिंपला हाताने चाचपायचा, वरची बटणं बोथट सुरीने सोडवायची, आणि पाटीवर लिहायचं, जिवंत की मेलेला. उघडा पडून आत चिखल भरलेला, तो मेलेला. बोट लावताच मिटतो, तो जिवंत.

अकराव्या शिंपल्याशी तो अडला. तो आधीपासूनच मिटलेला होता. हलवून बघितलं, कान जवळ नेला, उगाच टकटक केली.

"बाई, याचं काय लिहू?"

"घट्ट मिटलाय?"

"घट्ट."

"मग दोन्ही असू शकतं," बाई दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या. "घाबरून मिटला असेल. नाहीतर मेला असेल, आत चिखल भरून जड झाला असेल. जोर लावून उघडू नका, जिवंत असला तर मरेल. आपणहून उघडेपर्यंत थांबावं लागतं."

"किती?"

"कधी दहा मिनिटं. कधी निम्मा दिवस."

बाहेर खोल पाण्यात एक रिकामं जहाज नांगर टाकून उभं होतं. धक्क्यावर टोळीची माणसं सावलीला पाय पसरून बसली होती, आणि त्यांच्यात मेहुणा कुठला ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं. ताटलीवाल्याने शिंपला चिखलात होता तसा पुन्हा उभा केला आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. पाणी गार होतं. पाटीवर अकराव्या आकड्यापुढची जागा कोरी होती. पेन्सिल दातांत धरून तो तसाच उभा राहिला.